परदेशी निघताना चार्जर उलटा करून वाचावा

गोव्यात परदेशी जाणारे कोणी नाही असे घर सापडणे कठीण आहे. कोणी बोटीवर नोकरीला असतो, कोणी कुवेत-दुबईला असतो, कोणाची मुलगी जर्मनीत शिकते, तर कोणाचा मुलगा पोर्तुगालचे नागरिकत्व घेऊन इंग्लंडात स्विंडनला स्थायिक झालेला असतो आणि आता आईवडील त्याच्याकडे निघालेले असतात. म्हापशाच्या बाजारात आमचे विद्युत साहित्याचे दुकान असल्यामुळे ही मंडळी प्रवासाला दोन-चार दिवस उरले की आमच्याकडे येतात, आणि बहुतेकांचे मागणे एकच असते : "बाय, तिथे चालणारा पिन दे." पिन मी देते, पण त्याआधी ते बरोबर काय काय नेणार आहेत ते विचारते आणि शक्य असेल तर चार्जर दुकानात घेऊन या असे सांगते. भोकात बसणारा पिन मिळाला म्हणजे काम झाले, ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यापायी चांगली उपकरणे जळतात आणि कधी कधी माणसांना धक्काही बसतो. हे सगळे दुकानात उभ्याउभ्या सांगून होत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

विजेच्या बाबतीत देशोदेशी मुख्यतः दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. एक सॉकेटचा आकार आणि दुसरी त्या सॉकेटमधून येणाऱ्या विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ (म्हणजे विजेची लाट सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, ती वारंवारता) हे प्रमाण आहे. युरोप, इंग्लंड आणि आखाती देशांत दाब २२० ते २४० व्होल्टच्या आसपासच असतो. सौदी अरेबियात वारंवारता मात्र ६० हर्ट्झ आहे. अमेरिकेत आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. जपानमध्ये १०० व्होल्ट असून तेथे एकाच देशात दोन वारंवारता नांदतात : टोकियोच्या बाजूला ५० आणि ओसाकाच्या बाजूला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, त्याचा हा परिणाम आजतागायत टिकून आहे. आपण विकत घेतो तो साधा ट्रॅव्हल ॲडॉप्टर यांतला फक्त आकाराचा प्रश्न सोडवतो. एका बाजूने आपला प्लग आत घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूने परक्या आकाराचे पिन बाहेर काढायचे, एवढेच त्याचे काम असते. दाब तो बदलत नाही. समोरून १२० व्होल्ट आले तर तो १२० पुढे देतो आणि २३० आले तर २३०.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की पिनचा विचार करण्याआधी चार्जर उलटा करून त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचावीत. ही अक्षरे बहुधा करड्यावर करडी किंवा पांढऱ्यावर फिकट राखाडी अशी छापलेली असतात आणि साठीच्या पुढच्या माणसाला ती चष्मा लावूनही दिसत नाहीत. अशा वेळी मोबाईलने त्यांचा फोटो काढावा आणि तो मोठा करून पाहावा. त्यात 'इनपुट' या शब्दापुढे '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे लिहिलेले असेल, तर तो चार्जर जगात जवळजवळ कोठेही चालतो आणि त्याला फक्त योग्य आकाराचा पिन लागतो. तेथे नुसते '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ' किंवा '२२०–२४० व्होल्ट' असे असेल, तर ती वस्तू अमेरिका, कॅनडा आणि जपान या देशांत ॲडॉप्टर लावूनही नीट चालणार नाही.

मोबाईल, टॅब्लेट, लॅपटॉप आणि कॅमेरा यांचे हल्लीचे चार्जर पहिल्या प्रकारचे असतात. जुन्या काळचे जाडजूड, वजनदार चार्जर आठवत असतील, तर त्यांच्या आत तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि लोखंडी गाभा असे आणि ते एकाच ठरावीक दाबाला बांधलेले असत. आजचा चार्जर वेगळ्या रीतीने काम करतो. येणारी वीज तो प्रथम एकदिश करतो, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेतो, आणि पलीकडे पाच, नऊ किंवा वीस व्होल्ट जे हवे असतील ते मिळेपर्यंत आपली चालू-बंद करण्याची गती व वेळ स्वतःच जुळवून घेतो. समोर टोकियोचे १०० व्होल्ट आहेत की लंडनचे २३०, याने त्याला फरक पडत नाही. मोबाईलच्या बाबतीत लोकांना जी भीती वाटते ती म्हणूनच बहुतेक वेळा अनाठायी असते.

भीती बाळगायला हवी ती तापणाऱ्या आणि फिरणाऱ्या वस्तूंची. हेअर ड्रायर, इस्त्री, केस सरळ करायची पट्टी, पाणी गरम करायची किटली आणि मिक्सर या वस्तू बहुधा एकाच दाबासाठी बनवलेल्या असतात. तापणाऱ्या तारेचा रोध जवळपास तोच राहतो आणि तिची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून दाब अर्धा झाला की शक्ती पाव होते. भारतातली १००० वॅटची किटली न्यूयॉर्कला १२० व्होल्टवर लावली तर ती जेमतेम पावणेतीनशे वॅटने तापेल आणि चहाच्या पाण्याला उकळी येईपर्यंत माणूस कंटाळून जाईल. उलट तिकडचा १२० व्होल्टचा १५०० वॅटचा ड्रायर गोव्यातल्या भिंतीत लावला तर तो साडेपाच हजार वॅट ओढू पाहील, आणि त्या क्षणी ड्रायर, ॲडॉप्टर व घरातला फ्यूज यांपैकी जे सर्वांत कमजोर असेल ते आधी जाईल.

यावर उपाय म्हणून बाजारात व्होल्टेज कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांतही दोन जाती आहेत आणि हे विकणाऱ्यानेच सांगितले पाहिजे. हातात हलका लागणारा आणि तरीही हजार-पंधराशे वॅटचा दावा करणारा कन्व्हर्टर विजेची लाट कापून दाब उतरवतो. तो नुसत्या तापणाऱ्या तारेला चालतो, इलेक्ट्रॉनिक वस्तूंना मारक ठरतो. खरा स्टेप-अप किंवा स्टेप-डाउन, म्हणजे दाब चढवणारा किंवा उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर जड असतो, आणि मिक्सर चालवण्याइतक्या ताकदीचा घेतला तर विमानाच्या सामानातले कित्येक किलो तोच खातो. त्यामुळे अमेरिकेला मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आया जेव्हा मिक्सर नेण्याचा हट्ट धरतात, तेव्हा मी त्यांना तेथलाच घ्या असे सांगते. इंग्लंडला जायचे असेल तर गोष्ट निराळी. दाब तोच असल्यामुळे तेथे आपला मिक्सर नीट चालतो.

या यादीत एक गोष्ट अशी आहे की जिच्याबद्दल कोणीच आपणहून विचारत नाही आणि मला जिची सर्वांत जास्त काळजी वाटते. वृद्ध माणसे प्रवासाला निघतात तेव्हा त्यांच्याबरोबर नेब्युलायझर, झोपेत श्वासाला मदत करणारे सीपॅप यंत्र किंवा श्रवणयंत्राचा चार्जर असतो. सीपॅप आणि श्रवणयंत्र यांचे चार्जर बहुधा १००–२४० व्होल्टचे असतात. घरगुती कॉम्प्रेसर नेब्युलायझर मात्र पुष्कळदा फक्त २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो; तो १२० व्होल्टवर लावला तर कण्हत राहतो आणि औषधाचा नीट फवारा देत नाही. ज्याला मध्यरात्री दम लागतो अशा माणसाने हे परक्या शहरात रात्री दोन वाजता शोधून काढू नये. जाण्यापूर्वीच पाठीवरचा मजकूर वाचून घ्यावा, आणि गरज असेल तर बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारे यंत्र डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आता आकाराकडे वळू. सॉकेटच्या प्रकारांना 'ए', 'बी', 'सी' अशी अक्षरे देऊन ओळखण्याची पद्धत आहे. भारतात 'सी', 'डी' आणि 'एम' हे तीन चालतात : दोन बारीक गोल पिनांचा 'सी', तीन गोल पिनांचा आपला नेहमीचा ६ अँपिअरचा 'डी', आणि फ्रीज व गीझरचा जाड १६ अँपिअरचा 'एम'. आपले तीन गोल पिनांचे प्लग मूळ जुन्या ब्रिटिश प्रमाणावरून आलेले आहेत. स्वतः ब्रिटनने मात्र १९४७ साली नवे प्रमाण काढले आणि हळूहळू गोल पिन सोडून दिले. म्हणून आपला प्लग आज इंग्लंडात बसत नाही.

ब्रिटनचा तो 'जी' प्रकारचा प्लग, तीन चौकोनी पिनांचा, गोवेकरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण इंग्लंडबरोबरच दुबई, कतार, बहारीन, ओमान, कुवेत, सिंगापूर आणि मलेशिया येथेही बहुतांशी तोच भेटतो. युद्धानंतर तांब्याची टंचाई असताना ब्रिटनने घरांतून तारेचे एकच कडे फिरवून त्यावर सगळे सॉकेट बसवण्याची पद्धत स्वीकारली. ते कडे ३० अँपिअरच्या फ्यूजवर असे, आणि एवढा मोठा फ्यूज टेबल-दिव्याच्या बारीक वायरीचे रक्षण करू शकत नाही. म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटातच त्या उपकरणापुरता लहान फ्यूज घालण्यात आला, ३ अँपिअरचा किंवा जास्तीत जास्त १३ अँपिअरचा. याचा आपल्यासाठी अर्थ असा की इंग्लंडला नेण्याच्या ॲडॉप्टरमध्ये फ्यूज असायलाच हवा. रस्त्यावर पन्नास रुपयांना मिळणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यात तो नसतो, आणि तसा तुकडा मी दुकानात ठेवत नाही. प्रवासी ॲडॉप्टरसाठी 'बीएस ८५४६' असे स्वतंत्र ब्रिटिश प्रमाण आहे. ते अंगावर छापलेले असेल आणि वस्तू खात्रीच्या दुकानातली असेल तर निर्धास्त घ्यावी.

या 'जी' सॉकेटची आणखी एक रचना समजून घ्यावी. त्याच्या खालच्या दोन भोकांवर आतून झडपा असतात, लहान मुलाने तार किंवा खिळा घातला तरी आत जाऊ नये म्हणून. वरचा अर्थिंगचा पिन इतर दोहोंपेक्षा लांब असतो. तो आधी आत शिरतो, झडपा बाजूला सारतो आणि मग बाकीचे दोन पिन आत जातात. आखातात राहणाऱ्या आपल्या पुष्कळ मंडळींना याचा एक मार्ग माहीत असतो आणि ती तो नव्याने आलेल्यालाही शिकवतात : पेनचे टोपण किंवा प्लास्टिकची काडी वरच्या भोकात दाबायची, झडपा उघडल्या की आपला भारतीय दोन पिनांचा चार्जर खाली सारायचा. चार्जर आत जातो आणि चालतोही. पण आत काय झालेले असते ते पाहा. चपट्या पिनांसाठी केलेल्या पितळी पट्ट्यांमध्ये गोल पिन नुसता टेकलेला असतो, त्यामुळे तेथे ठिणग्या पडतात आणि पट्टी तापून हळूहळू ढिली होते. प्लगमधला फ्यूज या वाटेत कोठेच नसतो. आणि झडप उघडायला जी वस्तू वापरली ती एखाद्या दिवशी घाईत धातूची असते. माझ्या ओळखीतल्या एका घरी सुट्टीवर आलेल्या मुलाने असा चार्जर दाखवला, त्याचा एक पिन मुळापाशी काळा पडला होता आणि भोवतालचे प्लास्टिक फुगून आले होते. खोलीत आठजण झोपत असताना पलंगाखाली अशी वस्तू रात्रभर लावून ठेवणे हे मला अतिशय धोक्याचे वाटते. कंपनीच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांना घरच्यांनी हे निक्षून सांगावे.

युरोपात, आणि म्हणून पोर्तुगालातही, 'सी' आणि 'एफ' प्रकार चालतात. 'एफ'चे सॉकेट भिंतीत खोल वाटीसारखे असते आणि त्याच्या तळाशी दोन भोके असतात, तर अर्थिंगच्या पट्ट्या वाटीच्या कडेला बसवलेल्या असतात. आपला बारीक पिनांचा मोबाईल चार्जर तेथे थेट बसतो, म्हणून लोक लिस्बनला ॲडॉप्टर न नेता जातात आणि बहुधा त्यांचे काही अडत नाही. अडते ते दोन ठिकाणी. चार्जरचे अंग रुंद चौकोनी असेल तर ते वाटीत शिरत नाही आणि पिन तळापर्यंत पोहोचतच नाहीत. आणि चार्जरचे पिन आपल्या ६ अँपिअरच्या प्लगसारखे जाड, पाच मिलिमीटरचे असतील तर ते युरोपच्या ४.८ मिलिमीटरच्या भोकात अडकतात. जोर करून घुसवले तर दुसऱ्याच्या घरातले सॉकेट बिघडते. फ्रान्समध्ये वाटीच्या आतून अर्थिंगचा एक पिन बाहेर आलेला दिसतो. बारीक दोन पिनांच्या चार्जरला त्याची अडचण होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये मात्र 'युरोप' म्हणून विकला जाणारा जाड गोल ॲडॉप्टर बसत नाही, कारण तेथले सॉकेट षट्कोनी आणि अरुंद असते. तेथे दोन पिनांचा सडपातळ प्रकारच हवा. इटलीच्या जुन्या इमारतींतही हीच गत होते.

अमेरिका आणि जपान येथे दोन चपटे उभे पिन लागतात. जपानला जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तेथील बहुतेक सॉकेटना अर्थिंगचे तिसरे भोक नसते, म्हणून तीन पिनांचा अमेरिकन ॲडॉप्टर घेतला तर तो टोकियोच्या हॉटेलात उपयोगाचा ठरणार नाही. ऑस्ट्रेलियाचे चपटे पिन तिरके असतात. ब्राझीलमध्ये शहरागणिक १२७ किंवा २२० व्होल्ट असू शकतात, तेव्हा तेथे सॉकेटवर किंवा हॉटेलात विचारून खात्री केल्याशिवाय एकाच दाबाची कोणतीही वस्तू लावू नये.

पुष्कळजण परदेशातून फोन करून सांगतात की लॅपटॉपच्या अंगावरून हात फिरवला की बोटांना मुंग्या येतात. लॅपटॉपच्या चार्जरला तीन पिन असतात आणि तिसरा अर्थिंगचा असतो. आपण मात्र त्याला असा ॲडॉप्टर लावतो की ज्यातून पुढे दोनच पिन निघतात. चार्जरच्या आत वीजगोंगाट शोषण्यासाठी बसवलेले लहान कपॅसिटर असतात आणि त्यांतून अत्यंत सूक्ष्म प्रवाह नेहमीच धातूच्या अंगाकडे झिरपत असतो. अर्थिंग असेल तर तो मुकाट्याने जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या बोटांतून जाण्याची वाट पाहतो. चांगल्या चार्जरच्या बाबतीत हा प्रवाह इतका कमी असतो की त्याने इजा होत नाही. पण संरक्षणासाठी दिलेली वाट आपण बंद केली आहे याची ती खूण असते, आणि नकली चार्जर असेल तर तीच मुंगी उद्या धक्का होऊ शकते. ज्या चार्जरच्या पाठीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते त्याला अर्थिंगची गरज नसते, कारण त्याचे आवरण दुहेरी असते. ती खूण नसेल आणि प्लगला तिसरा पिन असेल, तर अर्थिंग पुढे नेणाराच ॲडॉप्टर घ्यावा.

लॅपटॉपसाठी याहूनही सोपा आणि स्वस्त मार्ग आहे, आणि तो मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. बहुतेक लॅपटॉपच्या चार्जरला भिंतीकडे जाणारी वायर सुटी काढता येते; तिच्या टोकाला तीन गोल भोकांची, तिपानी आकाराची खोबण असते. परदेशात पोहोचल्यावर नुसती ती वायर तेथल्या प्लगची विकत घ्यावी. चार्जर आपलाच राहतो, अर्थिंग मिळते, इंग्लंडात असाल तर फ्यूजही मिळतो आणि ॲडॉप्टरचा प्रश्नच उरत नाही. जो वर्ष-दोन वर्षे राहायला जात आहे त्याने रोज ॲडॉप्टर वापरणे मला मुळीच पटत नाही. ॲडॉप्टर ही थोड्या दिवसांची सोय आहे.

बोटीवर जाणाऱ्यांसाठी मात्र वेगळे लिहिले पाहिजे, कारण गोव्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या नोकरीवर पेटते आणि या विषयावर मराठीत लिहिलेले फारसे आढळत नाही. क्रूझ बोटीच्या केबिनमध्ये बहुधा अमेरिकन पद्धतीचे ११० व्होल्टचे आणि युरोपीय पद्धतीचे २२० व्होल्टचे अशी दोन्ही सॉकेट असतात, तीही मोजकीच. म्हणून बोटीवर निघालेली मुले आमच्याकडून एक्स्टेन्शन बोर्ड मागतात, आणि चांगला म्हणून स्पाइक गार्ड, म्हणजे अचानक चढलेल्या दाबापासून वाचवणारी सोय, असलेला मागतात. जमिनीवर तो चांगलाच असतो; बोटीवर तोच नेऊ नये. जमिनीवरच्या घरात विजेच्या दोन तारांपैकी एक, न्यूट्रल, ही जमिनीशी जोडलेली असते आणि धक्का देणारी तार एकच असते, म्हणून बोर्डचे बटण एकच तार तोडते व ते पुरते. पुष्कळ बोटींवर दोन्ही तारा लोखंडी सांगाड्यापासून अलग ठेवलेल्या असतात आणि सांगाड्याच्या हिशेबाने दोन्ही तारांत दाब असतो. अशा ठिकाणी एकच तार तुटली तरी दुसरी जिवंत राहते, आणि स्पाइक गार्डमधले तारा व अर्थिंग यांच्यामध्ये बसवलेले भाग तापून पेट घेऊ शकतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ साली याबद्दल खास सूचना काढली होती, आणि अनेक क्रूझ कंपन्या असे बोर्ड बोटीवर चढतानाच काढून घेतात. त्याऐवजी तीन-चार यूएसबी भोकांचा एकच चांगला चार्जर न्यावा. बोटीवर रुजू होण्याआधी एखादी रात्र मायामी, बार्सिलोना किंवा सिंगापूरच्या हॉटेलात काढावी लागते, म्हणून या मुलांनी सर्व देशांचे पिन एकात असलेला ॲडॉप्टर घेणे योग्य. बाकीच्यांना जेथे जायचे त्या एका देशाचा साधा, घट्ट बसणारा ॲडॉप्टर पुरतो आणि तो जास्त टिकतो. सरकते पिन असलेल्या सर्वदेशीय ॲडॉप्टरचे आतले सांधे वापराने सैल होतात हे मी दुकानात वारंवार पाहते.

गेल्या काही वर्षांत हा सगळा मामला पुष्कळ सुटसुटीत झाला आहे, तो यूएसबी-सीमुळे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकले जाणारे मोबाईल, टॅब्लेट, कॅमेरे आणि हेडफोन यांना यूएसबी-सीची खोबण सक्तीची केली. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. यामुळे ६५ वॅटचा एक चार्जर घरातला लॅपटॉप, दोन मोबाईल आणि कानातले यंत्र अशा सगळ्यांना आळीपाळीने पुरतो, आणि विसरला तर कोणाचाही उसना घेता येतो. मात्र केबल चांगली हवी. बारीक स्वस्त केबल लॅपटॉपपर्यंत पुरेशी वीज पोहोचवत नाही आणि दोष चार्जरला दिला जातो.

हॉटेलच्या खोलीतल्या एक-दोन गोष्टी. दाराशी कार्ड खोचल्यावरच वीज येते अशी सोय पुष्कळ ठिकाणी असते, आणि कार्ड काढून माणूस फिरायला गेला की चार्जिंगही थांबते; फ्रीजचे सॉकेट मात्र सहसा चालू राहते, तेव्हा कॅमेऱ्याची बॅटरी तेथे लावावी. इंग्लंडात सॉकेटशेजारी बटण असते, युरोपात बहुधा नसते. न्हाणीघरात आरशाजवळ दाढीच्या यंत्राची खूण असलेले सॉकेट दिसेल. त्याची ताकद अगदी थोडी असते, त्यावर दाढीचे यंत्र किंवा दात घासायच्या ब्रशचा चार्जर लावावा, दुसरे काही लावू नये. विमानतळावरच्या सार्वजनिक यूएसबी भोकांत फोन थेट जोडू नये, कारण त्याच केबलमधून माहितीही वाहू शकते. अमेरिकेच्या एफबीआयने २०२३ साली तसा इशारा दिला होता. आपला चार्जर भिंतीत लावून फोन जोडला की ही चिंता उरत नाही.

पॉवर बँक नेहमी हातातल्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत कधीही नाही. तिची मर्यादा १०० वॅट-तास अशी मोजली जाते आणि लोक मिलिअँपिअर पाहून गोंधळतात. हिशेब सोपा आहे : २०,००० मिलिअँपिअर-तासांची बँक ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागली की ७४ वॅट-तास होते, म्हणजे चालते. १०० ते १६० च्या मध्ये असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते. जिच्यावरचे आकडे पुसले गेले आहेत ती सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. नियमही कडक होत चालले आहेत. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केली आहे. बरोबर ठेवता येते, पण तिच्यावर फोन लावता येत नाही. तेव्हा दाबोळी किंवा मोपा येथून निघण्यापूर्वी घरीच फोन पूर्ण भरून घ्यावा.

शेवटी गोव्यातल्या घरगुती लॉज आणि होमस्टे चालवणाऱ्यांशी दोन शब्द, कारण हाच प्रश्न उलट्या दिशेने त्यांच्या दारात येतो. युरोपातून आलेल्या पाहुण्याच्या चार्जरचे पिन चार मिलिमीटरचे असतात आणि आपल्या सॉकेटमध्ये ते सैल बसतात. पंख्याच्या वाऱ्याने वायर हलली तरी चार्जिंग तुटते आणि आत ठिणगी पडते. 'एफ' प्रकारचा जाड गोल प्लग एखाद्या सर्व आकारांच्या भोकाच्या बोर्डात शिरला तरी त्याचे अर्थिंग कडेला असल्यामुळे ते जोडले जात नाही. म्हणून प्रत्येक खोलीत अर्थिंगसह दोन चांगले ॲडॉप्टर आणि यूएसबी-सीचे एक सॉकेट बसवून घ्यावे, पावसाळ्यात दाब वर-खाली होतो त्यासाठी त्या खोलीच्या लाईनवर संरक्षक उपकरण असावे, आणि आरशाशेजारी '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ' अशी ठळक पाटी लावावी. अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याला ड्रायर हवा असेल तर लॉजचाच द्यावा. त्याने स्वतःचा आणलेला ड्रायर त्याच्या पाठीवरचा आकडा दोघांनी मिळून वाचल्याशिवाय भिंतीत लावू देऊ नये.